वजन उतरतं तेव्हा नेमकं काय उतरतं?

कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, तायक्वांदो, एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स). अंगाला अंग भिडतं अशा जवळपास प्रत्येक खेळात वजनगट असतात. हेतू सरळ आहे. साठ किलोच्या खेळाडूसमोर ऐंशी किलोचा उभा केला तर कौशल्याला फारसा अर्थ उरत नाही आणि दुखापतीचा धोका वाढतो. म्हणून सारख्या वजनाच्या खेळाडूंची एकमेकांशी लढत लावतात. पण या चांगल्या व्यवस्थेत एक फट राहून गेली आहे. वजन मोजलं जातं एका वेळी आणि लढत होते दुसऱ्या वेळी. मधे कधी दोन तास असतात, कधी तीस. या मधल्या वेळेच्या भरवशावर एरवी ७७ किलोचा असलेला खेळाडू वजनाच्या दिवशी काट्यावर ७० दाखवतो आणि लढायला उतरतो तेव्हा पुन्हा ७४-७५ वर पोचलेला असतो.

खेळाडू याला वजन उतरवणं म्हणतात, हल्ली वजन ‘कट’ करणं म्हणतात. वेगवेगळ्या देशांत झालेल्या पाहण्यांमध्ये निम्म्याहून बरेच जास्त खेळाडू हे करत असल्याचं सांगतात. बहुतेक जण शरीराच्या वजनाच्या २ ते ५ टक्के उतरवतात, काही जण १० टक्क्यांपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जातात. सुरुवात अनेकदा बारा-पंधराव्या वर्षीच होते, आणि शिकवणारा बहुधा स्वतःचा प्रशिक्षक किंवा तालमीतला थोरला खेळाडू असतो. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ क्वचितच. म्हणून शरीरात काय घडतं ते खेळाडूंनी, प्रशिक्षकांनी आणि विशेषतः आईवडिलांनी नीट समजून घ्यायला हवं असं मला फार वाटतं.

सात किलो जातात कुठे?

आधी एक साधा हिशेब करू. एक किलो चरबी जळायला सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च व्हावी लागते. सत्तर-पंचाहत्तर किलोचा खेळाडू कसून सराव करत असेल तर दिवसाला ३,००० ते ३,५०० किलोकॅलरी खर्च करतो. त्याने पाच दिवस अन्नाचा कणही घेतला नाही आणि सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असं धरलं, तरी सव्वादोन किलोच्या वर चरबी जाणार नाही. प्रत्यक्षात काही ऊर्जा स्नायू मोडून येते आणि उपाशीपोटी सरावही मंदावतो, म्हणजे आकडा याहून कमीच. मग पाच दिवसांत गेलेले बाकीचे चार-पाच किलो कुठले?

थोडा वाटा आतड्यांचा. चोथा असलेलं अन्न तीन-चार दिवस बंद केलं की आतड्यांतला मळ आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी कमी होतं, आणि अर्धा-एक किलो सहज उतरतो. सगळ्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत कमी त्रासाची.

दुसरा वाटा ग्लायकोजेनचा. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, अचानक जोर लावताना लागणारं पहिलं इंधन. प्रौढ खेळाडूच्या शरीरात ते सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम असतं आणि प्रत्येक ग्रॅमला जवळपास तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. पिष्टमय पदार्थ बंद करून सराव चालू ठेवला की हा साठा आटतो आणि त्याच्यासोबतचं पाणीही जातं. असे दीड-दोन किलो कमी होतात. काट्याला आनंद होतो, पण दुसऱ्या दिवशी पकड सोडवायला किंवा ठोसा मारायला जे इंधन लागणार आहे, नेमकं तेच आपण टाकून दिलेलं असतं.

तिसरा वाटा मिठाचा आणि पिण्याच्या पाण्याचा. मीठ कमी केलं की शरीर पाणीही कमी धरून ठेवतं. काही जण तीन-चार दिवस भरपूर, दिवसाला सात-आठ लिटर पाणी पितात आणि मग अचानक जवळजवळ बंद करतात. किडनीला जास्त लघवी बाहेर टाकायची सवय झालेली असते, ती पाणी बंद झाल्यावरही काही काळ तशीच चालू राहते. या युक्तीने थोडं जास्त वजन उतरतं हे खरं आहे. पण मीठ तोडून अतोनात पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं, आणि त्यातून झटके येऊन बेशुद्धीपर्यंत वेळ जाऊ शकते.

हे सगळं करूनही आकडा येत नाही तेव्हा उरतो घाम. सॉना म्हणजे घाम काढणारी तापवलेली खोली, गरम पाण्याचा टब, प्लास्टिकचा किंवा रबरी सूट घालून धावणं, तोंडात चघळायला काही ठेवून थुंकत राहणं. शेवटचे दोन, तीन, चार किलो इथून काढले जातात. खरा धोका इथून सुरू होतो.

पाणी शरीरात रिकामं बसलेलं नसतं

सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असतं. बाईच्या शरीरात त्याच वजनाला थोडं कमी. यातलं दोन तृतीयांश पेशींच्या आत आणि उरलेलं बाहेर. रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, फक्त तीनेक लिटर असतो. घाम प्रथम याच बाहेरच्या पाण्यातून येतो, म्हणून त्याची झळ रक्ताला लगेच लागते. रक्ताचं आकारमान घटतं, ते दाट होतं, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे ढकललं जातं. तूट भरून काढायला हृदय जास्त वेगाने धावतं. शरीराच्या वजनाच्या प्रत्येक १ टक्का पाण्यामागे व्यायामात नाडी मिनिटाला तीन ते पाच ठोके वाढते. पाच टक्के पाणी गेलेला खेळाडू त्याच कामासाठी पंधरा-पंचवीस ठोके जादा खर्च करतो आहे, आणि अजून लढत सुरूही झालेली नाही.

त्यात उष्णतेची भर पडते. घामाने आपण थंड होतो असं म्हणतो, पण थंडावा देतं ते घामाचं बाष्पीभवन. एक लिटर घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सत्तर किलोच्या शरीराचं तापमान एका अंशाने वाढायला साठेक किलोकॅलरी पुरतात. म्हणजे एक लिटर घाम जी उष्णता बाहेर नेतो, ती आतच अडकली तर तापमान दहा अंशांनी चढवेल इतकी ती असते. प्लास्टिकच्या सूटमध्ये घाम येतो, पण उडत नाही. गरम पाण्यात बुडून बसलेल्याचा घाम तर उडूच शकत नाही. शरीर पाणी गमावतं आणि त्या बदल्यात थंडावाही मिळत नाही. आत व्यायामाची उष्णता तयार होत राहते, त्वचेकडे न्यायला पुरेसं रक्त नसतं, आणि शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे जातं. हाच उष्माघात. मेंदू, यकृत, किडनी, हृदय सगळे एकदम कोलमडायला लागतात.

१९९७ साली ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या जेमतेम महिन्याभरात अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांतले तीन कुस्तीगीर असे गेले. वय १९, २१ आणि २२. तिघांनीही खाणंपिणं तोडलं होतं, तिघांनीही बाष्प बाहेर न जाऊ देणारे सूट घातले होते आणि गरम जागेत व्यायाम केला होता. एकजण १२ तासांत सुमारे सात किलो उतरवण्याच्या प्रयत्नात होता. एकाच्या शरीराचं तापमान ४२ अंशांच्या वर मोजलं गेलं. तिघेही धडधाकट, रोज सराव करणारे तरुण होते. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मनिला इथे एमएमएच्या एका लढतीआधी वजन उतरवताना २१ वर्षांचा चिनी खेळाडू यांग जियान बिंग कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. ज्या लढतीसाठी हे चाललं होतं ती लढत त्याला खेळताच आली नाही.

घामाबरोबर क्षारही जातात. सोडियम आणि पोटॅशियम यांच्या तोलावर हृदयाचे ठोके चालतात. काही जण लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात. अशा गोळ्यांनी पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. या गोळ्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी घातलेल्या औषधांच्या यादीत आहेत. इतर उत्तेजकं लघवीतून पातळ करून लपवता येतात हे बंदीचं एक कारण, पण खेळाडूच्या जिवाच्या दृष्टीनेही ही बंदी रास्तच आहे.

किडनीवरचा ताण बाहेरून दिसत नाही. रक्त कमी पोचलं की गाळण्याचं काम मंदावतं, रक्तात क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ वाढतो. बहुतेकांचं पाणी पिऊन पुन्हा जागेवर येतं. पण त्याच वेळी कडक व्यायामाने आणि उष्णतेने स्नायूंच्या पेशी फुटल्या असतील तर त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि आधीच कोरड्या पडलेल्या किडनीत अडकतात. लघवी गडद तपकिरी झाली की ती धोक्याची घंटा समजायची. अशा वेळी एक तासही वाट पाहू नये.

आणि मेंदू. भर उन्हात किंवा सूटमध्ये व्यायाम करून पाणी गमावलेल्या माणसांचे एमआरआय काढून झालेल्या छोट्या अभ्यासांत मेंदूचं आकारमान किंचित आक्रसलेलं आणि त्याच्या आतल्या पोकळ्या किंचित मोठ्या झालेल्या दिसल्या. पाणी मिळालं की हे पूर्ववत होतं. पण ज्या खेळात डोक्यावर ठोसे बसतात तिथे ही गोष्ट किरकोळ मानता येत नाही. मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये जागा वाढली तर डोक्याला हिसका बसताच तिथल्या नाजूक शिरा जास्त ताणल्या जातील, ही शंका डॉक्टर बऱ्याच वर्षांपासून मांडतात. माणसांवर प्रयोग करून ती सिद्ध करणं शक्य नाही, करूही नये. मला तेवढी शंकासुद्धा सावध व्हायला पुरेशी वाटते.

एका रात्रीत भरून निघतं का?

इथे बहुतेक खेळाडूंचा विश्वास असतो की वजन दिलं, पाणी प्यालो, जेवलो, झोपलो, की सगळं जागेवर. काही अंशी ते खरंही आहे. प्लाझ्मा काही तासांत बऱ्यापैकी भरतो. तहान भागते, नाडी उतरते, माणसाला बरं वाटतं. पण बरं वाटणं आणि भरून निघणं यांत अंतर आहे.

जठरातून आतड्यात तासाला साधारण एक लिटरच पाणी पुढे सरकू शकतं, आणि कोरड्या पडलेल्या शरीरात तो वेगही मंदावतो. नुसतं पाणी घटाघट प्यायलं तर रक्त पातळ होतं, किडनीला वाटतं पाणी जास्त झालं, आणि प्यालेलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. म्हणून द्रवात मीठ हवं, थोडी साखर हवी. साखर आणि सोडियम एकत्र असले की आतडं पाणी चांगलं शोषतं. जितकं वजन घामाने गेलं त्याच्या दीडपट द्रव हळूहळू घ्यावा लागतो. तीन किलो घाम गाळला असेल तर साडेचार लिटर. दोन तासांनी लढत असलेल्या खेळाडूला हे शक्यच नाही. पोट डचमळतं, मळमळतं, आणि अर्धं पाणी पोटातच असताना तो मॅटवर उतरतो.

पेशींच्या आतलं पाणी भरायला त्याहून जास्त वेळ लागतो, अनेकदा २४ ते ४८ तास. ग्लायकोजेनचंही तसंच. भरपूर पिष्टमय आहार घेतला तरी साठा तासाला पाचेक टक्क्यांनीच वाढतो, म्हणजे पूर्ण भरायला वीस-चोवीस तास. स्नायू दुखावलेले असतील तर आणखी उशीर.

मग शिरेतून सलाइन का लावू नये? कारण वाडाच्या नियमांनी १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घ्यायला बंदी आहे. रुग्णालयातला उपचार वगैरे मोजके अपवाद सोडले तर. शिवाय शिरेतून दिलेलं पाणी रक्तात पटकन पोचतं, पण स्नायूंतलं इंधन त्याने परत येत नाही.

मग फायदा तरी होतो का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा, कारण खेळाडू काही वेडे नसतात. अभ्यासांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. पाचेक टक्के वजन अनुभवी खेळाडूने उतरवलं आणि त्याला खायला-प्यायला काही तास मिळाले, तर एकदाच पूर्ण जोर लावण्याची ताकद फारशी घटत नाही. घसरते ती पुन्हा पुन्हा जोर लावण्याची क्षमता, म्हणजे लढतीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात जिची गरज असते ती. ज्युदो आणि एमएमएच्या काही अभ्यासांत वजनानंतर जास्त किलो परत मिळवणारे जास्त जिंकताना दिसले, काहींत असा संबंध अजिबात दिसला नाही.

मनावरचा परिणाम मात्र बहुतेक अभ्यासांत एकसारखा आहे. चिडचिड, थकवा, गोंधळ वाढतो, अल्पकाळची स्मरणशक्ती मंदावते, झोप बिघडते. ज्या खेळात प्रशिक्षकाने सांगितलेला डाव लक्षात ठेवून योग्य क्षणी तो टाकायचा असतो, त्या खेळात हे सगळं महाग पडतं.

शारीरिक हानीच्या पलीकडे मला सर्वांत जास्त टोचते ती यातली निरर्थकता. एकट्यानेच वजन उतरवलं तर तो खालच्या गटात जाऊन आकाराने मोठा ठरेल, त्याला फायदा होईल. पण समोरचाही ७७ वरून ७० वर येऊनच उभा आहे. दोघेही पाच टक्के कोरडे, दोघेही उपाशी, दोघांचाही आकार पुन्हा सारखाच. मिळायचा तो फायदा दोघांनी मिळून संपवलेला असतो आणि नुकसान मात्र दोघांच्याही पदरात पडलेलं असतं. आणि यातून एकट्याने बाहेर पडणं अवघड असतं. जो वजन उतरवणार नाही त्याला खरोखरच आपल्याहून मोठ्या खेळाडूशी लढावं लागतं. म्हणून ‘खेळाडूंनीच समजून घ्यावं’ असा उपदेश करून जबाबदारी झटकता येत नाही.

वाढीच्या वयातली मुलं, आणि मुली

प्रौढ खेळाडू निदान काय पणाला लावतोय ते जाणू शकतो. चौदा वर्षांच्या मुलाचं तसं नाही. त्याची उंची, हाडं, स्नायू सगळं वाढत असतं आणि त्यासाठी ऊर्जा व प्रथिनं लागतात. स्पर्धांच्या हंगामात सतत कमी खाणाऱ्या किशोरवयीन कुस्तीगिरांमध्ये स्नायूंची वाढ मंदावल्याचं आणि वाढीशी संबंधित संप्रेरकं घटल्याचं आढळलं आहे. हंगाम संपून खाणं सुरळीत झालं की बरंचसं भरून निघतं. पण वर्षभर एकामागून एक स्पर्धा असतील तर भरून निघायला वेळच मिळत नाही. या वयात खाण्याशी जुळलेलं नातंही पुढे टिकतं. आठवडाभर उपास, मग दोन दिवस बकाबक खाणं, मग पश्चात्ताप, मग पुन्हा उपास. असं चक्र काहींच्या बाबतीत खाण्याच्या मानसिक आजारापर्यंत जातं.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट काट्याला कळतच नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीर पाणी धरून ठेवतं आणि वजन एखाद्या किलोने सहज वाढू शकतं. स्पर्धेची तारीख त्या दिवसांत आली तर तिला तेवढं जादा उतरवावं लागतं, तेही शरीरात मुळात पाण्याचं प्रमाण कमी असताना. सरावाच्या मानाने खाणं बराच काळ अपुरं राहिलं तर पाळी अनियमित होते किंवा थांबते. ‘खेळाडू मुलींचं असंच असतं’ असं म्हणून हे सोडून दिलं जातं, ते फार चुकीचं आहे. पाळी थांबणं म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटणं, आणि इस्ट्रोजेन घटलं की हाडांची घनता कमी होते. विशीच्या आत हाडं भरायची असतात, तो काळ पुन्हा येत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या तुटवड्याकडे खास लक्ष वेधलं, आणि तो मुलग्यांनाही होतो, त्यांचं टेस्टोस्टेरॉन घटतं, हेही स्पष्ट केलं.

निवृत्तीनंतरचं चित्रही पाहण्यासारखं आहे. फिनलंडमधल्या माजी अव्वल खेळाडूंचा एक दीर्घ अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बॉक्सिंग, कुस्ती आणि वेटलिफ्टिंगमध्ये वर्षानुवर्षं वजन वरखाली केलेल्या पुरुषांमध्ये मध्यमवयात लठ्ठपणाचं प्रमाण इतर खेळाडूंपेक्षा जास्त आढळलं, आणि कधीच अव्वल दर्जाचा खेळ न खेळलेल्या पुरुषांपेक्षाही जास्त.

नियमांनी काय साधलं, कुठे अडलं

१९८० च्या दशकात व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन लढतीच्या दिवसाऐवजी आदल्या दिवशी घ्यायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता, बॉक्सरला पाणी भरून काढायला वेळ मिळावा. झालं असं की वेळ मिळतोय म्हटल्यावर लोक आणखी जास्त वजन उतरवायला लागले.

उलट दिशेनेही प्रयत्न झाले. जागतिक कुस्ती महासंघाने २०१८ पासून वजन स्पर्धेच्या सकाळी घ्यायचं ठरवलं, आणि गटाच्या लढती दोन दिवस चालत असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. हिशेब असा की लढत तोंडावर असताना कोणी स्वतःला फार कोरडं करणार नाही. त्याचं काय होतं ते २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सगळ्यांनी पाहिलं. एरवी ५३ किलो गटात खेळणारी विनेश फोगट ५० किलोत उतरली होती. ६ ऑगस्टला सकाळी वजन दिलं, मग जपानच्या युई सुसाकीला हरवलं, आणि एका दिवसात तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली. लढती खेळायच्या तर मधे खावं-प्यावं लागतंच, आणि संध्याकाळी वजन मर्यादेच्या २.७ किलो वर होतं. रात्रभर अन्नपाणी बंद, व्यायाम, सॉना, शेवटी केसही कापले. सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली, क्रमवारीत शेवटची. आदल्या दिवशी खऱ्या मेहनतीने जिंकलेल्या तीनही लढती पुसल्या गेल्या.

त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने उपांत्य फेरीनंतर दहा तासांत सुमारे साडेचार किलो उतरवले, ५७ किलोत कांस्यपदक मिळवलं, आणि त्या रात्रीच्या कष्टांचं भरभरून कौतुक झालं. पदकाचा आनंद मलाही आहे. पण त्या रात्रीचं कौतुक करताना मला भीती वाटते, कारण ते वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला दहा तासांत साडेचार किलो हा पराक्रम वाटतो, आणि त्याच्याजवळ ऑलिंपिक पथकाचे डॉक्टर नसतात.

म्हणजे नुसती काट्याची वेळ बदलून भागत नाही. मुळात कोणत्या गटात खेळायला परवानगी आहे हेच आधी ठरायला हवं, असं माझं मत आहे, आणि त्याला अनुभवाचा आधार आहे. १९९७ च्या मृत्यूंनंतर अमेरिकेच्या महाविद्यालयीन कुस्तीने सॉना आणि रबरी सूटवर बंदी आणली, वजनगट वर सरकवले आणि वजन लढतीच्या एक-दोन तास आधी घ्यायला सुरुवात केली. त्याच्या जोडीला हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाची किमान वजनमर्यादा ठरवण्याची पद्धत आली. आधी लघवीची घनता तपासून खेळाडू कोरडा नाही याची खात्री करायची, मग चरबीचं प्रमाण मोजायचं, आणि चरबी ५ टक्क्यांच्या खाली जाईल इतकं वजन उतरवायला मनाई करायची. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त घट चालत नाही. शालेय स्तरावर चरबीची मर्यादा मुलांसाठी ७ आणि मुलींसाठी १२ टक्के आहे. मनिलातल्या मृत्यूनंतर वन चॅम्पियनशिप या एमएमए संघटनेनेही पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घातली आणि वजनासोबत लघवीची तपासणी सुरू केली. ज्युदोत वजन आदल्या संध्याकाळी घेतात, पण स्पर्धेच्या सकाळी काही खेळाडूंना चिठ्ठ्या काढून पुन्हा काट्यावर बोलावतात, आणि गटाच्या मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त भरलं तर ते बाद होतात. यातला कुठलाच नियम निर्दोष नाही. लघवीची चाचणी चुकवण्याच्या युक्त्याही निघाल्या आहेत. तरी खेळाडूने एकट्याने धाडस दाखवावं अशी वाट पाहण्यापेक्षा सगळ्यांना एकदम लागू होणारा नियम केव्हाही बरा.

वजन कमी करायचंच असेल तर

वाढीच्या वयातल्या खेळाडूने स्पर्धेसाठी पाणी तोडूच नये. त्याला ज्या गटात नीट खाऊन-पिऊन बसता येतं तो त्याचा गट. सहा महिन्यांनी त्याचं वजन वाढलं तर गटही वाढू द्यावा.

प्रौढ खेळाडूने वजन कमी करण्याची तयारी स्पर्धेच्या आठवड्यात नव्हे, दोन-तीन महिने आधी सुरू करावी. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का या वेगाने, प्रथिनं पुरेशी ठेवून, आहारतज्ज्ञाच्या मदतीने. अशाने जाते ती खरोखरच बरीचशी चरबी असते. शेवटच्या तीन-चार दिवसांत चोथा कमी केला तर उरलेला थोडा फरक मिटतो. तेवढ्याने जमत नसेल तर गट चुकलेला आहे. लघवी वाढवणाऱ्या किंवा जुलाबाच्या गोळ्या, प्लास्टिकचा सूट आणि कोंडलेली गरम खोली यांना कुठेच जागा नाही.

तरीही कोणी घाम गाळून वजन उतरवत असेल तर त्याने एकटं कधीही असू नये. सोबतच्याने त्याच्याशी बोलत राहावं. बोलणं असंबद्ध होणं, तोल जाणं, अकारण भडकणं, उलटी, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही दिसलं तर तिथेच थांबवायचं, काट्याची वेळ कितीही जवळ आली असली तरी. शुद्ध हरपत असेल किंवा गोंधळ असेल तर तो उष्माघात समजून रुग्णवाहिका बोलवायची, आणि ती येईपर्यंत वाट न पाहता अंग थंड करायला घ्यायचं. सूट आणि कपडे काढायचे, शक्य असेल तर डोकं वर धरून मानेपर्यंत थंड पाण्यात ठेवायचं. नाहीतर अंगभर थंड पाणी ओतत, ओल्या फडक्यांनी पुसत जोरात वारा घालायचा, बर्फ मिळाला तर काखेत, मानेवर आणि जांघेत ठेवायचा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. आधी थंड करायचं, मग हलवायचं, हाच क्रम. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर अशी माणसं बहुतेक वेळा वाचतात.